एपिसोड ४१ : ट्रेडिंगमध्ये जायचंय, मग कोडिंग कोणतं शिकू?

(एपिसोडचा लिखित मजकूर. बोलताना झालेली अडखळ आणि पुनरावृत्ती काढली आहे, बाकी जसं बोललो तसं ठेवलंय.)

हेडफोन लावलेत ना? लोकलच्या दरवाज्यात उभे असाल तर आधी आत या, मग ऐका.

गेल्या आठवड्यात एक व्हॉइस नोट आली. मुलगा तासगावच्या बाजूचा, मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाला आहे. त्याला ट्रेडिंगमध्ये करिअर करायचंय. पुण्यातल्या एका क्लासने त्याला 'अल्गो ट्रेडिंग'चा कोर्स सांगितलाय, फी एक लाख पस्तीस हजार. कोर्समध्ये पायथन, सी प्लस प्लस, आर, मशीन लर्निंग, ऑप्शन्स, सगळं सहा महिन्यांत. घरी द्राक्षबाग आहे. या वर्षी माल बरा गेला, म्हणून वडील पैसे द्यायला तयार आहेत. सीट पक्की करायला शनिवारपर्यंतची मुदत. आणि शेवटी त्याचा प्रश्न: "दादा, एवढं सगळं नाही जमलं तर पायथन धरू की सी प्लस प्लस?"

मी नोट दोनदा ऐकली. कारण सहा वर्षांपूर्वी हाच प्रश्न मी विचारत फिरत होतो. बीटेक नुकतं झालं होतं आणि जो तो वेगळं उत्तर देत होता. कुणी म्हणे पायथन, कुणी म्हणे सी प्लस प्लसशिवाय दारात उभं करत नाहीत. गंमत म्हणजे सगळे बरोबर होते. दादरच्या पुलावर उभं राहून 'लोकल कोणती पकडू' असं विचारलं तर वसईवाला वेस्टर्न म्हणणार आणि ठाण्याचा सेंट्रल. तुम्हाला उतरायचंय कुठं, हे कुणी विचारतच नाही.

तर आज तेच. 'ट्रेडिंगमध्ये जाणं' म्हणजे एक नोकरी नाही. माझ्या मते निदान चार वेगवेगळ्या खुर्च्या आहेत, आणि प्रत्येक खुर्चीसमोरचा कोड वेगळा आहे.

पहिली खुर्ची घरातली. स्वतःचा लॅपटॉप, स्वतःचे पैसे, ब्रोकरची एपीआय आणि पायथनची स्क्रिप्ट. यूट्यूबवर बहुतेक वेळा हीच खुर्ची विकली जाते. इथे आकडे सांगतो, कारण ते सेबीचे आहेत, माझे नाहीत. सेबीचा अहवाल सप्टेंबर २०२४ मध्ये आला. २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन आर्थिक वर्षांत इक्विटी फ्युचर्स-ऑप्शन्समध्ये उतरलेल्या वैयक्तिक ट्रेडर्सपैकी ९३ टक्के लोकांना तोटा झाला. एकूण तोटा १.८ लाख कोटी रुपयांपेक्षा जास्त. त्याच अहवालात दुसरी बाजूही आहे. एकट्या २०२३-२४ मध्ये प्रोप्रायटरी ट्रेडर्सनी, म्हणजे स्वतःच्या पैशाने ट्रेड करणाऱ्या कंपन्यांनी, सुमारे ३३ हजार कोटींचा आणि परदेशी गुंतवणूकदारांनी सुमारे २८ हजार कोटींचा ढोबळ नफा कमावला. यातला ९६-९७ टक्के नफा अल्गो वापरणाऱ्यांचा होता.

हे ऐकून क्लासवाला म्हणेल, "बघा, अल्गोत पैसा आहे!" आहे की. पण कुणाच्या अल्गोत? समोर बसलेल्याचं मशीन एक्स्चेंजच्याच इमारतीत आहे, आणि आपलं वायफाय दुपारी आई व्हिडिओ कॉलवर असली की अडकतं.

मी स्वतः या खुर्चीत बसलोय. २०२१, वर्क फ्रॉम होमचे दिवस. बँक निफ्टीवर एक स्ट्रॅटेजी लिहिली. पंधरा मिनिटांची कॅण्डल आधीच्या कॅण्डलच्या हायच्या वर बंद झाली की घ्यायचं. तीन वर्षांच्या डेटावर चालवली आणि ग्राफ असा वर गेला की मी रात्री दीडला रूममेटला उठवून दाखवला. सात आठवड्यांत ८२ हजार रुपये गेले. गाडीच्या डाउन पेमेंटसाठी ठेवलेले पैसे होते ते. अजून बाबांची ॲक्टिव्हाच चालवतोय.

चूक कुठे होती? एका ओळीत. सकाळी सव्वानऊ ते साडेनऊची कॅण्डल घ्या. ती कुठे बंद झाली हे मला साडेनऊलाच कळणार. पण माझ्या कोडमध्ये सिग्नल आणि नफा दोन्ही एकाच ओळीत, म्हणजे त्याच कॅण्डलसमोर बसले होते. निर्णय साडेनऊची माहिती वापरून, आणि नफा मोजला सव्वानऊपासूनचा! उद्याचा पेपर वाचून आज मटका लावल्यासारखं. सिग्नलचा कॉलम एक घर खाली सरकवायला हवा होता. पांडाजमध्ये त्याला 'शिफ्ट' म्हणतात, कंसात एक. तेवढं टाकून पुन्हा चालवलं तर तो वर जाणारा ग्राफ जमिनीला टेकला. खर्च आणि टॅक्स धरले तर जमिनीच्याही खाली.

मला पायथन येत होतं का? उत्तम येत होतं. कॉलेजात मी इतरांना शिकवायचो. म्हणजे भाषेचा प्रश्नच नव्हता. हे पुढे लागणार आहे, लक्षात ठेवा.

दुसरी खुर्ची एकदम उलट टोकाची. हाय फ्रिक्वेन्सी ट्रेडिंग, लो लेटन्सी. इथे सी प्लस प्लसच, आणि का ते समजून घ्या. ऑप्टिकल फायबरमधून प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर जातो, म्हणजे एका किलोमीटरला पाच मायक्रोसेकंद. तुम्ही पुण्यात बसलात आणि एक्स्चेंज मुंबईत, अंतर ढोबळ दीडशे किलोमीटर धरू. एका बाजूचे ७५० मायक्रोसेकंद गेले, अजून तुमच्या प्रोग्रॅमने काही केलेलंच नाही! ज्याचा सर्व्हर एक्स्चेंजच्या आवारातच आहे त्याचं काम तोवर आटोपलेलं असतं. याला कोलोकेशन म्हणतात. एनएसईने ते २०१० मध्ये सुरू केलं. अंतर सगळ्यांचं जवळजवळ संपलं की उरतो तो फक्त कोडचा वेग, आणि तिथे एकेका मायक्रोसेकंदाची भांडणं असतात.

म्हणून या खुर्चीसाठी सी प्लस प्लस 'येणं' म्हणजे लूप आणि क्लास लिहिता येणं नाही. मेमरी कशी मांडली जाते, प्रोसेसरचं कॅश कसं चालतं, लिनक्स आत काय करतं, नेटवर्क कार्डवर पॅकेट आलं की ते तुमच्या प्रोग्रॅमपर्यंत कुठून कुठून फिरत येतं, हे सगळं. मी अशा एका कंपनीत इंटरव्ह्यू दिला होता. त्यांनी विचारलं, एका स्ट्रक्टमध्ये एक कॅरेक्टर, एक इंटिजर, परत एक कॅरेक्टर आहे, किती बाइट्स? मी छाती पुढे काढून म्हणालो, सहा. एक अधिक चार अधिक एक. समोरचा माणूस हसलासुद्धा नाही. उत्तर बारा आहे. कम्पायलर इंटिजर नीट हद्दीवर बसावा म्हणून मधे आणि शेवटी रिकामी जागा सोडतो. तेच तीन घटक क्रम बदलून लिहिले, इंटिजर आधी आणि दोन्ही कॅरेक्टर नंतर, तर आठ. पुढचा प्रश्न होता एक्स्चेंजच्या डेटा फीडचा. तो यूडीपी मल्टिकास्टवर येतो, आणि यूडीपीमध्ये हरवलेलं पॅकेट आपोआप परत येत नाही. मग ऑर्डर बुक चुकलं हे तुला कळणार कसं? मला सिक्वेन्स नंबर हा शब्दही आठवला नाही. वीस मिनिटांत बाहेर. खाली येऊन वडापाव खाल्ला आणि घरी सांगितलं, "बरा झाला."

आता क्लास म्हणतो, हे सगळं सहा महिन्यांत, बाकीच्या चार विषयांसोबत. मला दोन वर्षं लागली, तीही रोज ऑफिसात हेच काम करत असताना, आणि आजही मी त्या खुर्चीत नाही. मी एका ब्रोकिंग कंपनीच्या ऑर्डर सिस्टिमवर काम करतो, म्हणजे शेजारच्या खोलीत म्हणा.

वेगाच्या या जगात एक गोष्ट कुणी सिलॅबसमध्ये घालत नाही: कोड सर्व्हरवर नीट चढवणं आणि चुकला तर थांबवणं. नाइट कॅपिटल नावाची अमेरिकन कंपनी होती. १ ऑगस्ट २०१२ च्या सकाळी बाजार उघडला. त्यांनी नवा कोड आठ सर्व्हरवर टाकायचा होता, सातवर टाकला, आठवा राहिला. नव्या कोडने एक जुनाच फ्लॅग पुन्हा वापरला होता. त्यामुळे आठव्या सर्व्हरवर वर्षानुवर्षं बंद पडलेला जुना प्रोग्रॅम जागा झाला आणि ऑर्डरमागून ऑर्डर सोडत सुटला. साधारण ४५ मिनिटांत ४४ कोटी डॉलरहून जास्त तोटा. पुढच्या वर्षी कंपनी दुसऱ्या कंपनीत विलीन झाली. अमेरिकेच्या बाजार नियंत्रकाच्या आदेशात एक तपशील आहे, तो मी टीमला अधूनमधून सांगतो. बाजार उघडायच्या आधी सिस्टिमने लोकांना ९७ ईमेल पाठवले होते, त्यात चुकीचा उल्लेख होता. त्यावर कुणी काही केलं नाही. तिथे अतिशय हुशार सी प्लस प्लसवाले होते हो! चेकलिस्ट नव्हती.

तिसरी खुर्ची रिसर्चची. ज्याला क्वांट म्हणतात. इथे पायथनचं राज्य आहे, आणि त्यामागे कारण आहे. पांडाज ही लायब्ररी वेस मॅकिनी यांनी २००८ मध्ये लिहायला घेतली, तेव्हा ते एक्यूआर या गुंतवणूक कंपनीत काम करत होते. म्हणजे आज जगभर ज्यावर डेटा सायन्स चालतं ते हत्यार फायनान्सच्याच कारखान्यात घडलंय. पण क्वांटच्या इंटरव्ह्यूत पायथन विचारतात ते जाता जाता. खरी चाळणी लागते ती प्रोबॅबिलिटी, स्टॅटिस्टिक्स आणि लिनियर अल्जेब्राची. बारावीला परम्युटेशन ऑप्शनला टाकलं असेल, तर ते इथे व्याजासकट परत येतं.

आणि त्याहून मोठी गोष्ट म्हणजे डेटावर संशय घेता येणं. दोन उदाहरणं देतो. २८ ऑक्टोबर २०२४ ला रिलायन्सचा शेअर चार्टवर एका रात्रीत निम्म्यावर आलेला दिसेल. कुणी बुडालं नाही. एकास एक बोनस होता, शेअर दुप्पट झाले, किंमत अर्धी. तुमचा डेटा त्यासाठी सुधारलेला नसेल तर तुमची स्ट्रॅटेजी तिथे भयंकर घसरण समजून काहीतरी भलतंच करणार. दुसरं, समजा तुम्ही आजचे निफ्टीचे पन्नास शेअर घेतले आणि दहा वर्षांची टेस्ट केली. झकास निकाल येतो. का नाही येणार? जे टिकले तेच तुम्ही निवडलेत. येस बँक २०१८ मध्ये चारशे रुपयांच्या आसपास होती, मार्च २०२० मध्ये ती निफ्टीतून बाहेर पडली. त्या वेळी खऱ्या पैशाने खेळणाऱ्याकडे ती असणार होती, तुमच्या टेस्टमध्ये मात्र ती कधी नव्हतीच. वर्गातल्या पास झालेल्यांचीच सरासरी काढून शाळेचा निकाल शंभर टक्के सांगण्यासारखं आहे हे.

हल्ली सगळे म्हणतात की कोड तर एआय लिहून देतो. देतो, मीही रोज वापरतो. परवा गंमत म्हणून त्याच्याकडून माझी ती जुनी स्ट्रॅटेजी लिहून घेतली. पहिल्याच फटक्यात सुंदर कोड, कॉमेंटसकट. आणि तो शिफ्ट नव्हता. मला सापडला, कारण त्या ओळीचे मी ८२ हजार भरलेत.

चौथी खुर्ची. हिच्यावर रील बनत नाही. रिस्क, सेटलमेंट, मार्जिन, रिपोर्ट, ऑर्डर मॅनेजमेंट. मोठ्या बँकांची पुण्या-मुंबईतली टेक्नॉलॉजी सेंटर्स, ब्रोकर, म्युच्युअल फंडांची बॅक ऑफिसं. माझ्या ओळखीत फायनान्समध्ये गेलेले बहुतेक जण इथूनच शिरले, मीही. इथे लागतं जावा, एसक्यूएल, थोडं पायथन, लिनक्सवर हात बसलेला, आणि हसू नका, एक्सेल. जेपी मॉर्गनला २०१२ मध्ये 'लंडन व्हेल' प्रकरणात सहा अब्ज डॉलरहून जास्त तोटा झाला. तोट्याचं मूळ ट्रेडमध्ये होतं. पण नंतरच्या अंतर्गत अहवालात निघालं की धोका मोजायचं मॉडेल एक्सेलच्या शीट्सवर चालत होतं, हाताने कॉपी पेस्ट करून. एका सूत्रात सरासरीने भागायच्या ऐवजी बेरजेने भागलं होतं, त्यामुळे धोका होता त्याहून कमी दिसत होता. असली चूक पकडणारा माणूस या चौथ्या खुर्चीत बसतो.

आपल्याकडे २७ जानेवारी २०२३ पासून सगळ्या शेअर्सचं सेटलमेंट टी प्लस वन झालं, म्हणजे आज घेतलं की उद्या शेअर खात्यात. तुमच्या मोबाइलवर ती एक ओळ दिसते. तिच्यामागे रात्रभर जे धावतं ते बरंचसं जावा आणि एसक्यूएल. मी पहिली दोन वर्षं एका बँकेच्या सेंटरमध्ये असेच रात्रीचे जॉब सांभाळले. कंटाळवाणं होतं, खोटं का बोलू. पण ऑर्डर म्हणजे काय, ट्रेड म्हणजे काय, पोझिशन कशी बनते, मार्जिन कुणी कधी कापतं, हे मला तिथे पगार घेऊन शिकायला मिळालं. आणि किंमत दशांशात ठेवायची नाही हेही. पायथनला विचारा, शून्य पॉइंट एक अधिक शून्य पॉइंट दोन किती. ते पॉइंट तीनच्या पुढे पंधरा शून्यं आणि शेवटी एक चार चिकटवून देईल. म्हणून ऑर्डर सिस्टिममध्ये किंमत सहसा पैशांत, पूर्णांक म्हणून ठेवतात. कोटीत व्यवहार, हिशेब पैशाचा!

बाकीची नावं पटकन उरकतो. आर: संख्याशास्त्राच्या मुलांना येत असेल तर चांगलं, मुद्दाम शिकू नका. रस्ट: आवडत असेल तर शिका, पण नोकरीसाठी आज आधी सी प्लस प्लस. ओकॅमल नावाची भाषा जेन स्ट्रीट वापरते म्हणून ती शिकणारे एक-दोघं मला भेटलेत. जेन स्ट्रीटमध्ये निवड झाल्यावर शिकलात तरी चालेल. मशीन लर्निंग: साधं रिग्रेशन स्वतः कागदावर मांडता येत नाही तोवर त्याचं नाव काढू नका.

आता तासगावच्या मुलाचं. मी त्याला गुरुवारी रात्री फोन केला. विचारलं, तुला काय करायला आवडतं? म्हणाला, कॉलेजच्या प्रोजेक्टमध्ये पंपाच्या रीडिंगचा डेटा होता, तो साफ करून ग्राफ काढायला मजा आली. सी प्रोग्रॅमिंगमध्ये पॉइंटर आले की डोकं दुखतं. मग म्हटलं, दुसरी खुर्ची आज तुझी नाही, उद्याचं उद्या बघू. तू चौथ्या खुर्चीच्या दाराने जा आणि तिसरीवर नजर ठेव. आधी एसक्यूएल, जॉइन आणि ग्रुप बाय डोळे मिटून यायला हवं. सोबत पायथन आणि पांडाज. रोज अर्धा तास प्रोबॅबिलिटी, ती तुला मेकॅनिकलच्या गणितात होतीच. बाजाराची भाषा कळण्यासाठी एनआयएसएमची इक्विटी डेरिव्हेटिव्हची परीक्षा दे, सिरीज आठ. ती संस्था सेबीने काढलेली आहे आणि परीक्षेची फी क्लासच्या फीच्या तुलनेत चहापाणी आहे. सहा महिन्यांनी पॉइंटरकडे परत ये. तेव्हाही डोकं दुखलं तर सी प्लस प्लस सोडून दे, काही बिघडत नाही.

मध्येच वडिलांनी फोन घेतला. "सर, एवढं पैसं भरलं तर नोकरी लागंल का?" मी म्हटलं, काका, मला सर म्हणू नका. लागेलच असं क्लासवाला लेखी देतो का, ते विचारा. आणि मागच्या बॅचमधल्या तीन मुलांचे नंबर मागा, तुम्हीच फोन करा, त्यांना विचारा कुठं लागले. ते म्हणाले, "बरं, इचारतो." एवढंच. पुढे द्राक्षाच्या दराबद्दल बोललो, त्यातलं मला काही कळलं नाही.

शुक्रवारी संध्याकाळी मुलाचा मेसेज आला. क्लासने नंबर दिले नाहीत, पण फी वीस हजारांनी कमी केली आणि मुदत सोमवारपर्यंत वाढवली.

त्याला जो पहिला अभ्यास दिलाय तोच तुम्हालाही देतो. एनएसईच्या साइटवर रोजची भावकॉपी फुकट मिळते, म्हणजे त्या दिवशीच्या सगळ्या शेअर्सच्या किमतींची फाइल. सप्टेंबर ते डिसेंबर २०२४ च्या फाइल्स उतरवा, एका टेबलात भरा. मग अशी क्वेरी लिहा की एका दिवसात तीस टक्क्यांहून जास्त पडलेले सगळे शेअर सापडतील. रिलायन्स त्यात दिसायलाच हवा, नाही दिसला तर क्वेरी चुकली. बाकी जे सापडतील त्यातला कुठला शेअर खरंच पडला आणि कुठे नुसता बोनस किंवा स्प्लिट होता, ते एकेक शोधून काढा. यादी मला पाठवा, चुका असतील तरी पाठवा. पुढच्या एपिसोडमध्ये ऑर्डर बुक उघडून बसू.